केमो चालू असताना घर कसं लावायचं: निदानापासून शेवटच्या सायकलीपर्यंत

वहिनींची पहिली केमो झाली तेव्हा आमच्या घरातली तयारी म्हणजे एक नवी चादर, दोन किलो डाळिंबं आणि देवळातला अंगारा. थर्मामीटर नव्हता. तो अकराव्या रात्री, साडेदहा वाजता, शेजाऱ्यांचं दार वाजवून आणला.

त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून ओळखीतल्या कुणाच्या घरी केमो सुरू झाली की मला फोन येतो, आणि येतो तो बहुधा दुसऱ्या सायकलीनंतर (एक केमो आणि पुढची येईपर्यंतचे दिवस म्हणजे एक सायकल). तोवर दोघा भावांचं बोलणं तुटलेलं असतं, पेशंट कुणाला तोंड दाखवायला तयार नसतो आणि घरातल्या एकाच बाईचे डोळे जागरणाने खोल गेलेले असतात. औषधांत फारशी चूक नसते, ती डॉक्टर बघतात. चुकतो तो क्रम. आधी करायची कामं लोक नंतर करतात आणि काही कामं कुणाचीच नसल्यामुळे होतच नाहीत. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहितोय.

हे दर तीन आठवड्यांनी केमो घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या घरासाठी आहे. दर आठवड्याची केमो, गोळ्यांची केमो, लहान मुलांचे उपचार, रक्ताचे कॅन्सर यांचं वेळापत्रक वेगळं असतं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. आधी पेशंटला सांगा

आपल्याकडे रिपोर्ट आला की तो आधी जावयाच्या, मग मेहुण्याच्या, मग शेजारच्या डॉक्टरांच्या मोबाइलवर फिरतो. ज्याचं पोट कापून तुकडा तपासायला पाठवला, त्याला मात्र सांगतात, "साधी गाठ आहे, थोडं इंजेक्शन घ्यायचंय." कारण ठरलेलं असतं: कळलं तर खचेल.

ते लपत नाही. डे-केअरच्या, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जायच्या विभागाच्या, दारावर मोठ्या अक्षरांत विभागाचं नाव लिहिलेलं असतं आणि शेजारच्या खुर्चीवरची बाई पहिल्याच दिवशी विचारते, "तुमचा कुठला?" आमच्या वहिनींना तिथेच कळलं. त्या घरी येऊन दादाला म्हणाल्या, "तुम्ही सगळे नाटक करत होता, मग मीपण केलं." त्यानंतर पुढचे दोन महिने दुखलं तरी त्या "काही नाही" म्हणायच्या. लपवण्याचा खरा तोटा हा. पेशंट त्रास सांगायचं बंद करतो, आणि केमोत न सांगितलेला त्रास धोक्याचा असतो.

सांगायचं असं:

- एकाच माणसाने सांगावं, ज्याच्याशी पेशंट मनातलं बोलतो त्याने. चौघांनी पलंगाभोवती उभं राहून सांगू नये.
- सुरुवात प्रश्नाने करा. "डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळं ऐकायचंय, की गरजेपुरतं?" काहींना खरंच गरजेपुरतंच हवं असतं. तेही मान्य करा.
- आजाराचं नाव, उपचार काय आणि किती महिने, एवढं पहिल्या दिवशी पुरे. "किती दिवस आहेत माझे?" असा प्रश्न आला तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोघांनी मिळून विचारा. अंदाजाने आकडा सांगू नका.
- शेवटी विचारा, "हे कुणाकुणाला सांगू?" आणि जे उत्तर येईल तेवढ्यांनाच सांगा.

*तपासा:* पुढच्या पायरीआधी पेशंटने आजाराचं नाव स्वतःच्या तोंडाने एकदा तरी घेतलंय का?

२. फाईल

प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळी करून ठेवलेले रिपोर्ट घेऊन फिरणारे नातेवाईक कुठल्याही ओपीडीत दिसतात. डॉक्टरांकडे मोजकी मिनिटं असतात आणि त्यातली निम्मी कागद शोधण्यात जातात.

कप्पे असलेली एक जाड फाईल घ्या. पहिल्या कप्प्यात एकच कागद: पेशंटचं नाव, वय, रक्तगट, आजाराचं पूर्ण नाव, केमोच्या औषधांची नावं, झालेल्या सायकलींच्या तारखा, बीपी-शुगरच्या गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी आणि हॉस्पिटलचा रात्रीही उचलला जाणारा नंबर. याच्या दोन झेरॉक्स काढा. एक पेशंटच्या पाकिटात ठेवा, एक फ्रिजवर चिकटवा. दुसऱ्या कप्प्यात बायोप्सी आणि स्कॅनचे रिपोर्ट. तिसऱ्यात रक्ताचे रिपोर्ट, ताजा सगळ्यात वर. चौथ्यात बिलं. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (तपासलेल्या तुकड्याचे मेणातले ठोकळे आणि काचपट्ट्या) हॉस्पिटलकडून मागून घेतले असतील तर ते फाईलमध्ये कोंबू नका. डबीत ठेवा आणि डबी कुठे आहे ते दोघांना सांगून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरलं की सगळ्यात आधी तेच मागतात.

फाईलला एक छोटी वही बांधा. घरात पडलेले प्रश्न तिथे लिहायचे, डॉक्टरांसमोर तीच उघडायची.

*सावध:* मूळ रिपोर्ट कुणाच्याही हाती देऊ नका, "माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत" म्हणणाऱ्या काकांच्या तर नाहीच. फोटो पाठवा.

३. माणसांची वाटणी

"आम्ही सगळे आहोत की!" हे वाक्य घरात ऐकू आलं की सावध व्हा. सगळे आहेत म्हणजे कुणीच नाही. काम घसरत घसरत घरात असलेल्या बाईवर येतं: सून, मुलगी किंवा कॉलेज सोडून बसलेली पुतणी. आमच्या घरात मी फाईल घेऊन पुण्याला पळायचो, सगळे मला शाबासकी द्यायचे. रात्री दोन वाजता उलटीचं भांडं धरायची ती दादाची एकोणीस वर्षांची मुलगी. तिला शाबासकी कुणी दिली नाही. तिचं ते वर्ष गेलं.

पहिल्या केमोच्या आधी बसून चार कामं नावानिशी वाटा:

जवळचा माणूस. औषधं, ताप, जेवण, रात्र. याला आठवड्यातून दोन रात्री सुट्टी मिळालीच पाहिजे, म्हणजे या जागेवर दोन माणसं लागतात.

कागदाचा माणूस. फाईल, हॉस्पिटल, विमा, योजना, प्रवास.

निरोप्या. नातेवाईक आणि मित्रांना कळवणारा एकच. बाकी सगळ्यांनी "त्याला विचारा" एवढंच म्हणायचं.

घराचा माणूस. डबा, किराणा, मुलांची शाळा, गॅस, लाइट बिल. परगावच्या नातेवाइकालाही यातलं बरंच फोनवरून करता येतं. अमेरिकेतल्या मुलाने रोज तासभर व्हिडिओ कॉल करून "नीट खातेस ना?" विचारण्यापेक्षा किराणा आणि बिलं त्याच्याकडे द्या.

पेशंटला या बैठकीतून वगळू नका. त्याला जमेल असं एक काम त्याच्या नावावर राहू द्या. वहिनी उपचार संपेपर्यंत दुधाचा हिशोब स्वतः ठेवायच्या, आणि त्या हिशोबावरून दूधवाल्याशी भांडायच्या तेव्हा आम्हाला बरं वाटायचं.

वाटणी कागदावर लिहा आणि कॅलेंडरशेजारी लावा. प्रत्येक सायकलीनंतर ती बदला. तोंडी वाटणी दोन आठवड्यांत विरते.

*तपासा:* जवळचा माणूस उद्या तापाने पडला तर त्याच्या जागी कोण? नाव पटकन सुचलं नाही तर वाटणी अपुरी आहे.

४. पैसा: ऍडमिशनच्या आधी

लोक आधी पैसे भरतात आणि मग योजनेचं विचारतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही कॅशलेस आहेत, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. भरलेले पैसे त्यातून परत मिळतील या भरवशावर राहू नका. म्हणून क्रम असा:

1. हॉस्पिटल ठरवतानाच विचारा: हे योजनेत अंगीकृत आहे का, आणि आपला उपचार त्यात बसतो का?
2. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. ते वेगळ्या टेबलावर बसतात, बिलिंगच्या खिडकीवर नव्हे.
3. रेशनकार्ड आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षरशः वाचा. लग्न झालेल्या बाईचं एकावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं नाव, हा घोळ घरोघरी असतो. दुरुस्तीला दिवस जातात, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात सुरू करा.
4. मंजुरी आल्यावरच तारीख घ्या. डॉक्टर थांबू नका म्हणाले तर थांबू नका, पण आरोग्यमित्राला त्याच दिवशी कळवा.

खासगी विमा असेल तर ठरलेल्या ऍडमिशनची कंपनीला आधी खबर द्या आणि डे-केअर केमो त्यात धरली आहे का ते लेखी विचारा.

परगावी जायचं असेल तर रेल्वेची सवलत घ्या. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचं ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि तिकीट काउंटरवर काढावं लागतं. परळला टाटा मेमोरियलमध्ये जाणाऱ्यांनी राहण्याची सोय गाडीत बसण्याआधी बघावी. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागा आहेत, पण तिथे रांग असते आणि हॉस्पिटलची कागदपत्रं लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जा. राहणं, औषधं, मदत देणाऱ्या संस्था, सगळं त्यांना माहीत असतं. लोक तिथे पैसे संपल्यावर जातात.

घरातलं एक काम: पेशंटच्या एकट्याच्या नावावर बँकेचं खातं असेल तर दुसरं नाव आत्ताच जोडा. हात थरथरायला लागले की सही जुळत नाही. हे बोलताना अवघड वाटतं. वीज बिलाच्या निमित्ताने बोला.

५. पहिल्या केमोच्या आधी घरात काय हवं

डाळिंबं नंतर आणा. आधी हे:

- डिजिटल थर्मामीटर, दोन. एक ऐनवेळी बंद पडतो.
- हातमोजे, कपडे भिजवायला वेगळी बादली, उलटीसाठी झाकणाचं भांडं.
- मऊ ब्रश. तोंड येतं तेव्हा कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून गुळण्या करायच्या. अल्कोहोल असलेला माउथवॉश नको.
- उलटीच्या गोळ्या आणि बद्धकोष्ठाचं औषध, डॉक्टरांनी लिहून दिलेलं. उलटीच्या गोळीनेच पोट घट्ट होतं, हे बऱ्याच जणांना चौथ्या दिवशी कळतं.
- काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) वाढवायचं इंजेक्शन असेल तर ते टोचणारी नर्स गावात ठरवून ठेवा. ते फ्रिजमध्ये राहतं, पण गोठलं तर वाया जातं. फ्रीझरच्या कप्प्याला चिकटवू नका. पुण्याहून आणताना बर्फाच्या थर्मासमध्ये बर्फावर थेट ठेवू नका, मध्ये कापड घाला.
- दाराशी तयार पिशवी: फाईलची झेरॉक्स, दोन जोड कपडे, चार्जर, रोख पैसे. रात्री निघायची वेळ आली तर ही शोधत बसायला नको.

जवळच्या, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासावरच्या हॉस्पिटलमध्ये आधी जाऊन या. तिथल्या डॉक्टरांना सांगा की अमुक तारखेपासून केमो आहे, ताप आला तर इथेच येऊ, ऍडमिट कराल का आणि रात्री रक्त तपासायची सोय आहे का? "नाही" म्हणाले तर आत्ताच दुसरं बघा.

६. एकवीस दिवसांचं कॅलेंडर

केमोचा दिवस म्हणजे पहिला दिवस. कॅलेंडरवर १ ते २१ आकडे लाल पेनाने लिहा. घरातल्या कुणालाही "आज कितवा?" विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

दिवस १ ते ३. मळमळ, थकवा, कधी स्टिरॉइडमुळे झोप न येणं आणि उगाच चिडचिड. या दिवसांत पेशंट तुमच्यावर ओरडला तर ते मनावर घेऊ नका. उलटीची गोळी उलटी झाल्यावर नाही, सांगितलेल्या वेळेला द्यायची. पहिले ४८ तास लघवी, शौच, उलटी यांत औषधाचा अंश असतो, म्हणून साफ करताना हातमोजे घाला, कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा आणि माखलेले कपडे वेगळे धुवा. पेशंटला वाळीत टाकायचं कारण नाही. शेजारी बसा, हात धरा, एकत्र बसून जेवा. आमच्या शेजारच्या एका घरात सासूबाईंचं ताट-वाटी वेगळं केलं होतं. त्या माउलीने दोन दिवस अन्न घेतलं नाही. केमोच्या त्रासामुळे नाही, त्या वेगळ्या ताटामुळे.

दिवस ४ ते ६. तोंडाची चव जाते. "काहीतरी खा" म्हणून मागे लागू नका. थोडं थोडं, दर दोन तासांनी: मऊ भात-वरण, पेज, घट्ट सूप, शिजवलेलं अंडं, खिचडी. स्वयंपाकाचा वास सहन होत नसेल तर फोडणी देताना पेशंटच्या खोलीचं दार लावा. अन्न कोमट द्या, गरम अन्नाचा वास जास्त येतो.

दिवस ७ ते १४. हे खरे धोक्याचे दिवस. पांढऱ्या पेशी याच काळात सगळ्यात कमी असतात. पेशंट मात्र आता जरा उठून बसलेला असतो, म्हणून घर सैल पडतं. सत्यनारायण, बारसं, "जरा देवळात जाऊन येते" हे सगळं नेमकं याच आठवड्यात ठरतं. हे तिसऱ्या आठवड्यात ढकला.

ताप सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहा. तोंडात मोजा, चहा पिऊन पंधरा मिनिटं झाल्यावर. काखेत आकडा कमी येतो. तोंड आलं असेल तर काखेतच घ्या, पण डॉक्टरांना तसं सांगा. गुदद्वारात थर्मामीटर किंवा एनिमा या काळात चालत नाही. खाणं घरचं, ताजं, शिजलेलं. कोशिंबीर, बाहेरची चटणी, उसाचा रस, कापून ठेवलेली फळं बाजूला ठेवा. सोलता येणारं फळ धुऊन, सोलून लगेच द्या.

आता ती अकरावी रात्र. वहिनींचं अंग गरम लागलं. थर्मामीटर आल्यावर ताप निघाला १००.८. आईने क्रोसिन दिली, ताप उतरला, सगळे झोपले. "सकाळी बघू." सकाळी सहा वाजता वहिनी उठेनात, हातपाय गार, बीपी मिळेना. पुढचे नऊ दिवस आयसीयू. तिथले डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी एवढंच विचारलं, "रात्री गोळी देऊन झोपलात ना?" त्यांना ते रोजचं होतं.

म्हणून हे फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहा:

*सावध: ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी, की आधी हॉस्पिटलला फोन. क्रोसिन नाही. सकाळची वाट नाही.* गोळीने आकडा खाली येतो, जंतुसंसर्ग तिथेच राहतो. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं असं धरलं जातं, म्हणून ओपीडीच्या रांगेत बसू नका. दारातच सांगायचं वाक्य पाठ करा: "केमो चालू आहे, आज अकरावा दिवस, ताप १००.८." एवढं ऐकलं की कळणारा माणूस धावतो. गाडी नसेल तर १०८.

तापाशिवाय आणखी कशासाठी लगेच फोन करायचा: धाप, शुद्ध हरपल्यासारखं बोलणं, न थांबणारा रक्तस्राव, दिवसभर पाणीही न टिकणं, सारखे जुलाब.

दिवस १५ ते २१. चांगले दिवस. सिनेमा, माहेर, मैत्रिणी, नवऱ्याबरोबर गाडीवरून चक्कर, जे हवं ते याच आठवड्यात. पुढच्या केमोआधीचं रक्त तपासून घ्या आणि काउंट कमी आला म्हणून तारीख पुढे गेली तर घरात सुतक पाळू नका. असं होतं.

झाडपाल्याबद्दल एकदाच सांगतो. कुणीतरी पपईच्या पानांचा रस, गुळवेल, कसलीशी पुडी आणणारच. आणणाऱ्याचा भाव चांगला असतो, त्याला "ठेवून जा" म्हणा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंब देऊ नका. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. केमोची अनेक औषधं शरीरातून यकृतामार्फतच बाहेर पडतात. यकृत बिघडलं की पुढची केमो अडते आणि दोष मात्र केमोला जातो.

७. भेटायला येणारे

बघायला येणं ही आपल्याकडची रीत आहे. आला नाही तर "आजारपणात फिरकला नाही" असं वीस वर्षं लक्षात राहतं. त्यामुळे "येऊ नका" एवढं सांगून कुणी थांबत नाही. काय करायचं तेही सांगावं लागतं.

निरोप्याने पहिल्या आठवड्यात एक निरोप पाठवावा, पेशंटला दाखवून. आमचा असा होता: "वहिनींचे उपचार सुरू झाले आहेत. जंतुसंसर्गाचा धोका असल्याने डॉक्टरांनी काही दिवस भेटी बंद ठेवायला सांगितल्या आहेत. कधी यायचं ते मी कळवेन. वहिनींच्या फोनवर मेसेज पाठवा, त्या वाचतात. उत्तर आलं नाही तर राग मानू नका." दर सायकलीला एक निरोप, तीन ओळी. नाहीतर रोज चाळीस लोकांना तेच सांगताना जवळच्या माणसाचा घसा बसतो.

भेटी पंधराव्या दिवसानंतर, एका वेळी दोघं, वीस मिनिटं. सर्दी-खोकला, ताप, कांजिण्या किंवा नागीण झालेल्याने यायचं नाही, घरातलं असलं तरी. दाराशीच साबण ठेवा.

येणाऱ्यांसाठीही दोन शब्द. पेशंटसमोर दुसऱ्या पेशंटची गोष्ट सांगू नका, विशेषतः तिचा शेवट. "केस गेले तरी छान दिसतेस" नको. "धीर धर, लढ" हेही नको. जो गेला तो कमी लढला का? पूर्वी ज्या विषयांवर बोलायचात त्यावरच बोला: ऑफिसातलं राजकारण, भिशी, मॅच, कुणाचं लग्न मोडलं.

आणि "काही लागलं तर सांग" म्हणू नका. कुणीच सांगत नाही. नेमकं काम मागा: "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्रीचा डबा माझा." "दहाव्या दिवशी रक्त तपासायला मी नेतो." वहिनींची एक मैत्रीण भेटायला फार वेळा आली नाही. पण सहा महिने दर गुरुवारी संध्याकाळी ती धाकट्याला क्लासवरून घेऊन आली, आमच्या दारात सोडून तशीच गेली.

काही मित्र मात्र गायब होतील. जुने, जवळचे. बहुतेकांना काय बोलावं ते सुचत नाही म्हणून ते तोंड चुकवतात. निरोप्याने अशा दोघा-तिघांना एकदा स्वतःहून फोन करावा, काहीतरी छोटं काम सांगावं. निम्मे परत येतात.

८. मुलं

"आई मामाकडे गेलीय" चालत नाही. मुलाला टक्कल दिसतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन गोष्टी सांगा: आजाराचं नाव, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि मिठी मारल्याने तुला होणार नाही. त्याची शाळा, क्लास, खेळ शक्य तेवढं आहे तसं चालू ठेवा आणि वर्गशिक्षिकेला कळवा. मोठ्या मुलाला एक ठरलेलं काम द्या, पण त्याला घरातली दुसरी आई करू नका. आमची चूक वर सांगितलीच आहे.

९. दुखणं, आणि जवळच्या माणसाचं दुखणं

पॅलिएटिव्ह विभागाचं नाव काढलं की लोक घाबरतात, "म्हणजे संपलंच का?" तसं नाही. वेदना, उलटी, धाप, झोप, घरच्यांची घालमेल हे बघणारे हे डॉक्टर असतात. उपचार चालू असतानाही त्यांच्याकडे जावं. मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नका, वेळेवर द्या. त्याबरोबर पोट साफ होण्याचं औषध रोज लागतंच, ते विसरलं की पेशंट मॉर्फिनलाच दोष देतो. पुण्यात वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर, मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन, अशा जागा आहेत. पत्ता आधीच फाईलमध्ये लावून ठेवा.

व्हेंटिलेटर, आयसीयू हवं का नको याबद्दल पेशंटचं काही म्हणणं असेल तर ते तो धडधाकट बोलतोय तेव्हाच लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. कागद नसला की आयसीयूच्या दारात भावाभावांत वाद होतो, आणि तो वाद नंतर दिवसकार्यातही मिटत नाही.

जवळच्या माणसाकडे कुणाचंच लक्ष नसतं, त्यालाही स्वतःकडे नसतं. त्याचं बीपी कधी मोजलं? त्याच्या स्वतःच्या गोळ्या चालू आहेत का? तो एकटा असताना रडतो का, की कशानेच रडू येत नाही? ही तपासणी घराच्या माणसाने दर रविवारी करायची. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.

१०. शेवटची सायकल झाल्यावर

सलाईन निघालं, पेढे वाटले, पाहुणे आले. थांबा. शेवटच्या केमोचेही एकवीस दिवस असतात आणि सातवा ते चौदावा दिवस तितकाच धोक्याचा असतो. दाराशी ठेवलेली पिशवी तीन आठवडे तशीच राहू द्या. पोर्ट किंवा पिक लाइन (केमोसाठी शिरेत बसवलेली नळी) असेल तर ती कधी काढायची आणि तोवर किती दिवसांनी धुवायची, ते निघतानाच लिहून घ्या. पुढच्या तपासण्यांच्या तारखा फाईलच्या पहिल्या कागदावर चढवा.

मग लगेच "आता बरी झालीस, लाग कामाला" सुरू होतं. थकवा महिनोन्‌महिने टिकतो. वहिनींना चपात्या लाटायला साडेचार महिने लागले. त्याही आधी दोनच, मग बसायच्या. वाटणीचा कागद तोवर भिंतीवर राहू द्या, फक्त नावं बदला: पहिली सुट्टी जवळच्या माणसाला. आमच्या पुतणीला आम्ही आठ दिवस तिच्या मावशीकडे पाठवलं. पहिले तीन दिवस ती नुसती झोपली, असं मावशीने सांगितलं.